सरदारांचं सुतक

'सोनगडची चंद्राऊ' ही मालिका बघण्यासारखी आहे का, असं ज्योतीला कुणी विचारायची खोटी. ती हातातलं काम टाकून सांगायला बसते. जरूर बघा म्हणते. लढाईत तेच बारा घोडे फिरून फिरून येतात, सरदारांच्या मिशा एका बाजूने सुटतात, एकदा तर तटबंदीवरून प्लॅस्टिकची नळी गेलेली गल्लीभर सगळ्यांना दिसली होती. तरी बघा. फक्त आधी शेजारणींना सांगून ठेवा, असं ती हसून जोडते, आणि मग तिचे डोळे भरून येतात.

नरडाण्यापासून चार कोसांवर तिचं सासर. नवरा ललित एमआयडीसीत कामाला. घरात सासू सुंदरबाई आणि हे दोघं. सासरे अभिमननाना करोनाच्या दुसऱ्या लाटेत धुळ्याच्या दवाखान्यात गेले. तेव्हा ललितही तापाने फणफणलेला, घरावर कागद चिकटवलेला, गल्लीच्या तोंडाशी आडवा बांबू. नानांना नेलं ते गाडीतून, आणि परत आली ती एका पिशवीत घातलेली त्यांची टोपी आणि चष्मा. अग्नी कुणी दिला, तेही धड कळलं नाही.

या गल्लीत मयत झाली की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे कडू घास आणतात, पिठलं-भाकरी. बाया येऊन बसतात आणि आलेली प्रत्येक बाई एकच विचारते, कसं झालं? घरची बाई सांगते, रडते. दुसरी आली की पुन्हा पहिल्यापासून सांगते. असं वीस-तीस वेळा सांगून झालं की दुःख निदान उचलता येण्याजोगं होतं. नाना गेले तेव्हा कुणीच आलं नाही. त्या दिवशी ज्योतीनेच गॅस पेटवून खिचडी टाकली, कारण ललितला गोळ्या घ्यायच्या होत्या. सुंदरबाईंनी ती खिचडी मुकाट्याने खाल्ली. रडल्या नाहीत.

तेव्हा नाही आणि त्यानंतरही नाही. आधी शेतात जाणं सुटलं, मग ओट्यावर बसणं, मग बोलणं. कुणी नानांचं नाव काढलं की त्या उठून आत जायच्या. अन्न चिवडायच्या. बाई दिवसेंदिवस सुकत चालली होती. शिंदखेड्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि ज्योतीला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना एकदा पोटभर रडू द्या." आता रडू ही काय दुकानात मिळणारी वस्तू आहे? ज्योतीने देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले होते. ही माउली अशीच मुक्याने जाणार, या धास्तीने तिला घास गोड लागत नव्हता.

मालिका ज्योतीने लावली ती स्वतःच्या करमणुकीसाठी. संध्याकाळी नेमकी वीज जायची, म्हणून ती दुपारी दोनचा पुन्हा दाखवलेला भाग बघायची. सुंदरबाई पहिल्यांदा आल्या त्या नाक मुरडायला. "असं लुगडं नेसतस का कोनी?" एवढं बोलून उभ्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी दाराशी टेकल्या. आठवड्याने दोन वाजायच्या आधीच येऊन बसायला लागल्या. चंद्राऊचा नवरा सरदार रायाजीराव फार कमी बोलायचा, जेवताना तर अक्षर काढायचा नाही. तो पडद्यावर आला की सुंदरबाई पदर सावरून बसायच्या. ललित सुट्टीच्या दिवशी चिडवायचा, "आई, तुझे सरदार अंगभर दागिने घालूनच झोपतात, टोचत नाही का गं त्यांना?" त्या ढुंकून बघायच्या नाहीत. पण त्या कशाची तरी वाट बघतात, हेच ज्योतीला पुष्कळ होतं.

फाल्गुनातली दुपार होती. ज्योती धाब्याच्या गच्चीवर ज्वारीच्या बिबड्यांचे पापड वाळत घालत होती, हात पिठाचे. एकाएकी खालून हंबरडा आला. जिन्यावरून ती कशी उतरली, तिचं तिला ठाऊक.

टीव्हीसमोर सुंदरबाई जमिनीवर कपाळ टेकून रडत होत्या. पडद्यावर चंद्राऊपुढे एक स्वार गुडघ्यावर बसलेला, त्याच्या हातांवर रायाजीरावाची पगडी. उत्तरेत लढाई झाली होती. सरदार तिकडेच पडला, तिकडेच जळला, घरी नुसती पगडी आली होती.

"माले सोडी कसा गयात हो! तोंड बी दखावं नही हो!"

हे रायाजीरावासाठी नव्हतं, हे कळायला ज्योतीला क्षणही लागला नाही. ती तशीच, पिठाच्या हातांनी, सासूला धरून बसली. टीव्ही बंद करायला उठलीसुद्धा नाही. रडा, आई, रडा, एवढंच ती म्हणत होती, आणि स्वतःही रडत होती.

गल्लीने ते ऐकलं. आणि गल्लीची एक रीत आहे: रडणं कानी आलं की आधी तवा ठेवायचा, मग विचारपूस करायची. अर्ध्या तासात ओट्यावर पावलं वाजली. ज्योती बाहेर आली तर डोक्यावर पदर घेतलेल्या पाच बाया उभ्या. सगळ्यांत पुढे समोरच्या घरच्या सुनंदाबाई, हातात फडक्याने झाकलेली भाकरीची टोपली आणि पिठल्याचं पातेलं. खाली गल्लीतले झुलालआबा खांद्यावर टॉवेल टाकून, मोबाईल कानाला लावून साक्रीच्या पाहुण्यांना निरोप देत होते. "हां, सुंदरअक्काकडे. कोन गयं ते अजून समजं नही, पन तुम्ही निंघा."

"काय व्हयनं व पोरी?" सुनंदाबाईंनी विचारलं. "ललित बरा शे ना?"

ज्योतीने पिठाचे हात पदराला पुसले. काय सांगायचं? आणि खोटं तरी काय सांगायचं?

"ललित बरे आहेत. कोणी गेलं नाही, काकू. ते… मालिकेतले सरदार गेले."

मागच्या एका बाईने पदर तोंडाला लावला. झुलालआबांनी मोबाईल खाली घेतला, आणि त्यांच्या मिशीखाली हसू जमायला लागलेलं ज्योतीला स्पष्ट दिसलं. आता ही माणसं हसणार. आत सासूला ऐकू जाणार. इतक्या वर्षांनी उघडलेलं ते दार असं बंद होईल की पुन्हा कधी उघडायचं नाही. तिने आडवं येऊन दोन्ही हात चौकटीला लावले.

"हसू नका, पाया पडते तुमच्या," ती म्हणाली. "त्यांची नुसती पगडी घरी आली हो. माणूस नाही आला."

झुलालआबांचं हसू गेलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि ओट्यावर बसले.

सुनंदाबाई टोपलीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ज्योतीचा हात हळूच बाजूला केला, आत गेल्या, टोपली खाली ठेवली आणि सुंदरबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. मागोमाग चौघीही येऊन भिंतीला टेकल्या. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती. एकीने बटण दाबून ती बंद केली.

"अक्का," सुनंदाबाई म्हणाल्या, "नाना गयात तवय मी खिडकी लाई लिधी व्हती. तुन्हा दारवर उनू नही. भ्याव वाटे व माले. आज उनू शे." त्यांनी सुंदरबाईंचा हात धरला. "नाना कसा गयात? सांग माले."

सुंदरबाईंनी वर बघितलं. डोळे पुसले नाहीत.

"बुधवार व्हता," त्या म्हणाल्या. "सकायधरी त्यासले दम लागे. मी च्या कया, अर्धाच पिनात. गाडीमा बठतांना मन्हाकडे देखं, म्हनेत, म्हैसले पानी दाखाड. बस. तेच शेवटलं."

एवढी वाक्यं सासूच्या तोंडून एका दमात ज्योतीने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. म्हशीचं तर तिला माहीतच नव्हतं. दाराला पाठ लावून ती उभी राहिली आणि मनातल्या मनात तिने सगळ्यांना हात जोडले: कुठेतरी बसून ती मालिका लिहिणाऱ्या त्या अनोळखी माणसाला, मिशी चिकटवलेल्या त्या नटाला, आणि न विचारता तवा ठेवणाऱ्या या गल्लीला.

सुनंदाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठलं लावून सुंदरबाईंच्या तोंडाशी नेला. त्यांनी तो खाल्ला. पाणी प्यायल्या. मग भिंतीशी बसलेली दुसरी बाई सरकत पुढे आली, सुनंदाबाईंनी तिला जागा करून दिली, आणि तिने विचारलं, "कसं व्हयनं व अक्का?"

सुंदरबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"बुधवार व्हता," त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.