घरचं पाणी

दिपमालाबाईंनी सोनलचा पेला खिडकीतून उचलला आणि साऱ्या चौथीच्या वर्गासमोर कचऱ्याच्या टोपलीत उपडा केला. मेथीचे कोंब वाकडेतिकडे होऊन काळे पडले होते. पर्यावरणाच्या प्रकल्पात अवघड असं काय होतं? पेल्यात माती, मातीत मेथी, आणि रोज घरून बाटलीत आणलेलं पाणी. बाकीच्यांची मेथी कशी तरारली होती! एरंडोलचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि बाईंना यंदा नंबर हवाच होता.

"आळशी कुठली! चमचाभर पाणी घालायचाही कंटाळा?"

सोनलने मान खाली घातली. बाईंनी तिला पुन्हा दाणे दिले, वर बोलणी दिली ती वेगळीच.

प्रदर्शनाच्या आधी मात्र सोनलचाच पेला सगळ्यांत हिरवा झाला. बाई मनापासून खूश झाल्या. पोरीला टेबलाजवळ बोलावून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बघ, मनावर घेतलं की जमतं. काय केलंस या वेळी?"

"घरनं पानी टाकंच नही, बाई. शाळाना नळनं टाकं."

बाईंचं हसू तिथेच थांबलं.

"मग घरी तुम्ही कुठलं पाणी पिता?"

"तेच पितस." सोनल बाईंची समजूत घातल्यासारखी म्हणाली, "माय म्हने, झाड नाजूक ऱ्हास. मानूसले काही व्हत नही."

शाळा सुटल्यावर बाई तिच्याबरोबर घरी गेल्या. सोनलच्या आईचे, प्रमिलाबाईंचे, दिवस भरत आले होते. कमरेला हात लावत त्या उठल्या आणि पाहुणीला आधी पाणी द्यायचं म्हणून ओट्यावरच्या कॅनकडे वळल्या. कॅनला ओलं गोणपाट गुंडाळलं होतं. सोनल बाटली भरायची ती यातूनच. कपाशीत तणनाशक मारून झालं की घरधनी रिकामा कॅन राखेने घासून घरी आणत. इतका जाड, न गळणारा कॅन टाकून कोण देतं? बाईंनी गोणपाट वर सरकवलं. अर्धवट खरवडलेल्या कागदावर कवटीचं चित्र अजून होतं.

बाईंचा जीव उडाला. सांगायचं ते त्यांनी एका दमात सांगून टाकलं: मेथी कशाने जळाली, पोरगी आळशी नव्हतीच, आणि आता हे पाणी कुणीही तोंडाला लावायचं नाही.

प्रमिलाबाईंनी सोनलला जवळ ओढलं, मग सोडलं. कॅन दोन्ही हातांनी उचलून त्या अंगणात आल्या. तुळशीपाशी थबकल्या आणि मागे फिरल्या. कुंपणाशी शेळी बांधलेली होती, तिच्या पुढ्यात कोंबड्या दाणे टिपत होत्या. कॅन पोटाशी धरून त्या अंगणभर फिरल्या.

"बाई," शेवटी त्यांनी विचारलं, "हाई पानी आते कोठे वतू?"