घोळणा

वीरभद्र सरांनी ऋतुजाच्या पिशवीतून काचेची बरणी काढली, झाकण फिरवून वास घेतला आणि बरणी खिडकीतून थेट नालीत उपडी केली.

"गुलकंद? कोणी दिला गं?"

"मायनं. थंड असतो म्हणून."

"थंडच तर नको आपल्याला. विभागीय स्पर्धा आठ दिवसांवर आली, आन् तू थंड खाऊन राहिली?"

मागं रांगेत उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. मुदखेडच्या या कराटे क्लबात ऋतुजाची लाथ सगळ्यांत उंच जायची, पण नाव झालं होतं ते तिच्या नाकाचं. जरा ऊन लागलं, जरा धक्का बसला की घोळणा फुटायचा. आणि कराटेत ठोसा चेहऱ्यापाशी थांबवायचा असतो. थांबला नाही, रक्त आलं, की मारणारी बाद. बावीस वर्षं शिकवणाऱ्या सरांनी हे गणित पहिल्याच स्पर्धेत ओळखलं. समोरच्या पोरीचा हात आला की मागं सरकायचं नाही, उलट तोंड इंचभर पुढं द्यायचं. तालुक्याला ती तशीच जिंकली, जिल्ह्यालाही तशीच. शाळेत तिला 'घोळणा चॅम्पियन' म्हणायला लागले.

सर ओरडणारे नव्हते. ओरडणारा माणूस परवडला असता. सरावाआधी ते तिला प्रेमानं जवळ बोलवायचे आणि नाकाच्या शेंड्यावर टिचकी मारायचे. कधी एक, कधी पाच. रक्त आलं की खूश. "इंजिन तयार हाय बरं का!" असं सगळ्यांना सांगायचे.

तिच्या आईला, जयाबाईंना, त्यांनी खुराक लिहून दिला होता. तीळ, गूळ, शेंगदाणे, पपई, रोज दोन अंडी. ताकद येते म्हणाले. बिचारीनं पदर खोचून लाडू वळले. ऑक्टोबरच्या उन्हात असलं उष्ण खाऊन पोरीच्या तळपायांची आग व्हायची, डोळे जळायचे. ते बघवेना म्हणून तिनं गुपचूप गुलकंद दिला होता.

त्या दिवशी सगळे गेल्यावर ऋतुजा मॅट गुंडाळत थांबली.

"सर, यावेळी मी मारून जिंकते."

"जिंक की. मी कुठं न्हाई म्हणतो?"

"मंग खुराक बंद करू?"

सर हसले. मनापासून हसले, तेच वाईट.

"पोरी, लाथा मारणाऱ्या लई बघितल्या मी. असं नाक बावीस वर्षांत पहिल्यांदा भेटलं."

ऋतुजानं मॅटची दोरी इतकी आवळली की तुटली. दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी ती घरामागं एकटीच लाथांचा सराव करू लागली. एक तरी लढत आपल्या हातापायांनी जिंकायची, एवढंच तिला पाहिजे होतं. लाडू मात्र चुकले नाहीत. आई समोर बसून खायला लावायची.

नांदेडच्या हॉलमध्ये शेवटच्या लढतीला समोर लातूर जिल्ह्याची पोरगी आली. मुरुडची तनुजा. सडपातळ, दोन घट्ट वेण्या. आत येताना तिनं मॅटला हात लावून कपाळाला लावला. जिंकेल ती राज्य स्पर्धेला जाणार होती.

ऋतुजाची पहिली लाथ पोटावर बसली. दोन पॉइंट. तनुजानं ते फेडले. मग ऋतुजाची दुसरी लाथ, पुन्हा दोन. चार-दोन! तोंड एकदाही पुढं दिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला मॅटवर मजा येत होती. सर कडेच्या खुर्चीत बसून होते, टाळीसुद्धा नाही.

वीस सेकंद उरले असताना तनुजानं झेप घेऊन ठोसा टाकला आणि ऋतुजाच्या नाकापासून दोन बोटांवर थांबवला. काय थांबवला! वर्गात दाखवावा असा. ऋतुजाला नुसता वारा लागला. आणि तरीही ओठावर काहीतरी गरम उतरलं. तिनं खाली बघितलं तर पांढऱ्या ड्रेसवर थेंब पडत होते.

रेफरीनं लढत थांबवली. तो तनुजाच्या पाठीमागं होता, त्याला हात थांबलेला दिसला नव्हता. डॉक्टरांनी येऊन कापूस लावला.

"बेटा, लागलं का?" रेफरीनं ऋतुजाला विचारलं.

"सर, मी टच न्हाई केलं," तनुजा म्हणाली. "तिलाच विचारा की." आणि ती विश्वासानं ऋतुजाकडं बघत राहिली.

तनुजाला आधीच दोन ताकिदी मिळाल्या होत्या. आता तिसरी म्हणजे बाद. लागलं नाही म्हटलं, तर वीस सेकंद खेळायचे होते. वीस सेकंद ते किती! पण तेवढ्यात तनुजाची लाथ डोक्याला बसली तर तीन पॉइंट, अन् खेळ खल्लास. ऋतुजानं खुर्चीकडं बघितलं. सर तिच्याकडं बघतही नव्हते. ते राज्य स्पर्धेचा फॉर्म काढून त्यावर तिचं नाव लिहीत होते.

"लागलं," ऋतुजा म्हणाली.

तनुजाचे कोच ओरडले, टेबलाजवळ जाऊन भांडले. काही उपयोग झाला नाही. तनुजा मॅटच्या कडेला उभी राहून आपली मूठ उलटीपालटी करून बघत होती. आधी तिच्या तोंडावर राग होता. मग तो गेला आणि ती घाबरल्यासारखी दिसायला लागली.

हॉलबाहेरच्या नळावर ऋतुजा डोक्यावर पाणी थापत होती, तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली. हातात ओला रुमाल होता.

"लई लागलं का गं?"

ऋतुजानं ओंजळ पुन्हा नळाखाली धरली.

"आईची शपथ, मला वाटलं हात थांबला. मला वारा कापल्यागत वाटलं, बस्स. पर रगत तर आलंच की. आमचे सर म्हणले, तुझा अंदाजच चुकाया लागला, आता तू खेळू नको काही दिवस." तिनं रुमाल पुढं केला. "खरंच चुकला आसंल. राग धरू नको."

नळापाशी दोघींशिवाय कुणी नव्हतं. ऋतुजानं रुमाल घेतला. नाक पुसलं, हनुवटी पुसली. रक्त केव्हाच थांबलं होतं.

"असू दे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी सांभाळून मार."

"हाव," तनुजा म्हणाली आणि रुमाल पुन्हा ओला करून तिच्या हातात दिला.