शिंगांना लाल रंग

मी बैल बोलतोय. हसू नका. उंची विचाराल तर अक्रोडाएवढी, अंगावर मांस नाही, सगळं लाकूड, पण बैलच. पाय दुमडून बसलेला, मान वळवून मागे बघणारा. शहाद्याला नवनीतरावांच्या काचेच्या कपाटात माझा मुक्काम आहे, आणि त्या कपाटातला उंदीर मला अजिबात खपत नाही.

दीडशे वर्षांपूर्वी जपानात एका कारागिराने मला कोरलं. तिकडच्या कपड्यांना खिसे नसत. तंबाखूची पिशवी दोरीने कमरपट्ट्याला लटकवायची, आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला माझ्यासारखी कोरीव वस्तू. नेत्सुके म्हणतात आम्हाला. माझ्या पोटाला दोन भोकं आहेत, ती त्या दोरीची. पुढे कपड्यांना खिसे आले, दोरी गेली, आणि मी एका शौकिनाकडून दुसऱ्याकडे हिंडत राहिलो. भोकं रिकामीच.

नवनीतराव साखर कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला आणलं. रोज संध्याकाळी तळहातावर घेऊन अंगठ्याने माझी पाठ चोळत. पाहुणा आला की मला उलटं करून ती भोकं दाखवत. पाहुणा मान हलवी आणि चहाकडे बघे. सुरतेला संग्राहकांचा मेळावा भरणार होता. प्रत्येकाने आपली एकच लाडकी वस्तू आणायची. "तुलाच नेणार," असं ते मला म्हणाले होते.

आषाढात उंदीर आला. माझ्यासारखाच लाकडी नेत्सुके; एवढंसं तोंड, शेपूट पायाखाली दाबलेली. तेव्हापासून संध्याकाळचा तळहात त्याचा. मी काचेआडून बघायचो आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्याच्या शेपटीचं कौतुक ऐकून कान किटले. माझी शेपूट काय कुणी उसनी आणून लावली आहे?

मेळाव्याच्या आदल्या दिवशी पोळा होता. नवनीतराव नंदुरबारला गेलेले. त्यांच्या आई दगूबाईंनी कपाट उघडलं. खरी बैलजोडी जाऊन घरात ट्रॅक्टर आला, तेव्हापासून त्या मातीचे बैल पुजत. या वर्षी मला उचलून म्हणाल्या, "घरमा लाकूडना बैल शे ना, मंग मातीना कसाले लेवाना?"

गेटाला दिलेला लाल ऑइलपेंट उरला होता, तो शिंगांना लावला. जुन्या लुगड्याच्या तुकड्याची झूल केली. ती बांधायला मला उलटं केलं. "अरे, पोटले छिद्रे बी शेत! झूल बांधासाठेच करेल शेतस."

आणि माझ्या पोटातून दोरी गेली. इतक्या वर्षांनी! रडलोच असतो, पण लाकडाला ते जमत नाही. पुढ्यात पुरणपोळीचा तुकडा आला.

नवनीतराव घरी आले आणि कपाळाला हात लावला. "माय, हाई काय करं तू? दीडशे वरीसनी वस्तू शे!"

"मंग? दीडशे वरीस बिगर पोयाना ऱ्हायना बिचारा!" पोळ्याविना काढलेली ती वर्षं मी तरी कधी मोजली नव्हती.

ते स्पिरिट आणि कापूस घेऊन बसले. पुसू नका हो, मी मनात म्हणत होतो. त्यांनी मला उलटं केलं. ज्या भोकांची महती सांगून त्यांचं तोंड दुखलं होतं, त्यांत दोरी होती. दोरीवरून एकदा अंगठा फिरवला आणि कापूस खाली ठेवला.

पण लाल शिंगांचा बैल मेळाव्यात कसा न्यायचा? सकाळी उंदीर गेला सुरतेला. मी देवघरात बसून दिवसभर जळत होतो.

तो परत आल्यावर आम्हा दोघांना कपाटात ठेवलं, त्याला माझ्या मागेच. तो माझ्या झुलीकडे टक लावून बघत होता. माझी मान वळलेलीच असल्यामुळे मला ते नीट दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळत होतं. फार बरं वाटलं.

आत्ताच दगूबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, "गनपती ई ऱ्हायनात, नवनीत. तो उंदीर बी काढी ठेव."

म्हणजे मला एक दिवस आणि पुरणपोळीचा तुकडा. त्याला दहा दिवस आणि मोदक! मिळू दे. पण त्याच्याही पोटाला दोन भोकं आहेत. तेव्हा वाचकहो, कुणीतरी दगूबाईंना एवढं सांगा, की उंदराला झूल घालत नाहीत.