पडद्यामागचा उन्हाळा

ड्रॉवरमधून बोलतोय, म्हणून आवाज घुसमटलेला वाटेल. मी रेडिएटरचा व्हॉल्व्ह. खरं तर त्याचं मुठीएवढं पांढरं डोकं, ज्यावर एक ते पाच आकडे असतात.

कोकणात वाढलेल्या माणसाला मी ठाऊक असायचं कारण नाही. पण सौदीच्या उत्तरेला, तबूकमध्ये, जानेवारीत बाहेर ठेवलेल्या बादलीवर साय धरावी तसा बर्फ धरतो. आमच्या घरात बॉयलरचं गरम पाणी नळांतून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत फिरतं. माझ्या पोटात मेणाची कुपी आहे. खोली तापली की मेण फुगतं, खालची पिन दाबतं आणि पाण्याची वाट बंद होते. खोली निवली की मेण आकसतं, स्प्रिंग पिन वर ढकलते, पाणी पुन्हा वाहतं. आकडा सांगतो ते एवढंच, की किती तापल्यावर थांबायचं. पाचवर फिरवलं म्हणून खोली लवकर तापत नाही. पण हे वडीलधाऱ्यांना कोण सांगणार?

घरमालक अरब, भाडेकरू मोहियुद्दीन मूळचे रत्नागिरीचे, फळांच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर. राहायला आले त्याच दिवशी त्यांनी मुलीच्या खोलीची खिडकी पाहिली. समोर शेजाऱ्यांची गच्ची. लगेच त्यांच्या बायकोने, मेहनाजने, दोन रजया जोडून जमिनीपर्यंत लोळणारा पडदा शिवला. रेडिएटर खिडकीखाली, मी त्याच्या कडेला. दोघेही पडद्याआड गेलो.

तिथेच माझा घात झाला. रेडिएटरची ऊब पडद्यामागे कोंडायची. मला वाटायचं, खोली तापली. मी पाणी बंद करायचो. आणि पलीकडे त्यांची मुलगी अफशाँ शाल गुंडाळून, बोटांवर फुंकर मारत गणितं सोडवायची. मी खोटारडा नव्हतो. माझ्यापर्यंत पोचेल तेवढंच जग खरं मानत होतो. या घरात तसा मी एकटाच नव्हतो म्हणा.

अफशाँ ऑनलाइन एम.एस्सी. करत होती. पेपर आठ दिवसांवर आलेला, आणि कॅमेऱ्यात दुसरं कुणी दिसलं तर पेपर रद्द. नेमकं तेव्हाच अब्बांनी फर्मान काढलं: ही खोली तापत नाही, शुक्रवारपासून सगळ्यांनी हॉलमध्ये राहायचं, इथे सामान ठेवायचं. हॉलमध्ये टीव्ही, आणि संध्याकाळभर चहा पीत बसलेले अब्बांचे दोस्त.

तिने माझ्याबद्दल मोबाइलवर वाचलं, पडद्यामागे हात घालून पाहिला आणि अब्बांना बोलावलं.

"अब्बा, व्हॉल्व्ह चांगला आहे. पडदा खिडकीपुरता कापूया."

"वीस वर्षं थंडीतच नोकरी केली मी. थंडी तू मला शिकवणार?"

"मग तुमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये थर्मामीटरवर गोधडी टाकता का?"

"बापाशी असं बोलतात का, बाय?" अम्मी मध्ये पडली. विषय मिटला, म्हणजे अफशाँला गप्प केलं गेलं. नंतर दोनदा तिने पडदा पिना लावून वर घेतला. दोन्हीदा अम्मीने तो खाली सोडला आणि वर मला पाचवर फिरवून गेली.

गुरुवारी दुपारी अफशाँ दार लावून माझ्यापाशी बसली. मला नळाला धरून ठेवणारी कडी हातानेच सुटते. "चूक तुझी नाही," ती हळूच म्हणाली, "पण दोष तुझ्यावरच टाकावा लागणार." तिने मला उपटलं. पिन उसळून वर आली आणि पाणी मोकाट सुटलं.

दिवस मावळून मगरिबची नमाज होईपर्यंत खोलीची भट्टी झाली. अब्बा सामानाचे खोके घेऊन आले आणि दारातच त्यांना घाम फुटला. मी टेबलावर पडलेला दिसलो, तसा त्यांचा चेहरा खुलला.

"बघितलंस? हे डबडंच बाद होतं. पडद्याचं काही नव्हतं."

असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने पडदा सारला आणि खिडकी उघडली. खोके आले तसे परत गेले.

"हो, अब्बा," अफशाँ म्हणाली. खरं ते गिळून म्हणाली, हे मला दिसलं.

पेपर तिने आपल्या खोलीत, आपल्या दाराआड दिला. मी मात्र ड्रॉवरमध्ये आहे. खोली तापली की माझं मेण अजून फुगतं. "पुरे, थांबा," असं सांगायला मी दाबू पाहतो आणि खाली पिनच नसते.

अफशाँ, तुझं काम झालं. आता ड्रॉवर उघड, मला जागेवर बसव, आणि खरं काय ते त्यांना सांग. या वेळी पिना नकोत. कात्री घेऊन ये.