एकही डाग नाही

लॉन्ड्रीवाल्या मावशींच्या हातून डाग सुटला, असं कधी झालं नाही. शाईचा असो, गंजाचा असो, नाहीतर तेलाचा. दुकानाच्या काचेवर त्यांनी रंगवूनच घेतलं होतं, ‘डाग दाखवा, पुन्हा धुऊन देऊ.’ बावीस वर्षांत कुणाची दाखवायची छाती झाली नाही. आणि अशा बाईच्या वाट्याला काय यावं बघा!

त्यांचा मुलगा गोदामात माल उतरवायचा. मंगळवारी ते गोदाम पेटलं. आत अकरा माणसं होती. ओळखू येईल असं एकही उरलं नाही. बातमी आली तेव्हा मावशी रडल्या नाहीत. पदर खोचला आणि घर धुवायला काढलं. ‘कुणी सांगावं, आत्ता दारात उभा राहील, मग म्हणेल घराचं काय करून ठेवलंयस,’ एवढंच पुटपुटत होत्या. त्याचा अभ्रा, चादर, टॉवेल, खुंटीवरचे शर्ट, सगळं सोड्याच्या पाण्यात उकळलं. कंगवा उकळला, दात घासायचा ब्रश उकळला. बूटसुद्धा सोडले नाहीत. शेजारीण म्हणाली, “अहो, राहू द्या आता.” तर तिच्याच हातात बादली दिली. दुसरं काय करणार? हातांना तेवढंच येत होतं.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. तिथल्या तपासनीस मुलीनं रक्त घेतलं आणि समजावलं, “मावशी, प्रत्येकाच्या शरीरात एक ठसा असतो, डीएनएचा. आईचा ठसा मुलाशी जुळतो. जुळला की तुमचा मुलगा तुमच्या ताब्यात देता येईल.”

मावशींनी मान डोलावली. आठवड्यानं ती मुलगी कागद घेऊन समोर बसली. “अकराही जणांशी लावून पाहिलं. एकाशीही जुळत नाही.”

“कसं जुळेल?” मावशी खाली बघून म्हणाल्या. “तो माझ्या पोटचा नाही, पदरातला आहे. तीन महिन्यांचा असताना अनाथाश्रमातून आणलेला.”

“अहो, मग आधी सांगायचं नाही का?”

“म्हटलं, सव्वीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंय त्यानं. थोडंफार उतरलं असेल रक्तात.”

त्या मुलीनं कागद मिटून बाजूला ठेवला. ती म्हणाली, “हरकत नाही. त्यानं वापरलेली एखादी वस्तू आणा. ब्रश, कंगवा, अंगातला शर्ट, काहीही चालेल. फक्त धुतलेली नको.”

“धुतलेली नको?” मावशींनी दोनदा विचारलं.

तरी त्यांनी सगळं गाठोडं नेऊन दिलं, इस्त्रीच्या घड्या घातलेलं. घरी येऊन गादीच्या शिवणी उसवल्या, दाराआड बघितलं, कोपरे चाचपले. एखादा केस, एखादी मळकी कॉलर! फिनेलच्या वासाशिवाय घरात काही नव्हतं. जन्मभर डागांच्या जिवावर उठलेली बाई आता एका डागासाठी देव पाण्यात घालून बसली. पण डाग कुठून यायचा? हात तिचेच ना!

चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, “शर्टांवर सापडलं ते तुमचंच आहे, मावशी. त्याचं काही नाही.”

एव्हाना नऊ जण आपापल्या माणसांकडे गेले होते. राहिले दोन, चार नंबर आणि नऊ नंबर. एक मावशींचा. दुसरा रोजंदारीवर आलेला कुणी, ज्याची चौकशी करायलासुद्धा कुणी फिरकलं नव्हतं. दोघांच्याही अंगाखाली कापडाचा एकेक काळाठिक्कर तुकडा वाचला होता. शवागाराच्या कारकुनानं आशेनं विचारलं, “तुम्ही लॉन्ड्रीवाले कपड्यावर दोऱ्याची खूण घालता ना? बदलू नयेत म्हणून?”

“गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर घालते. घरच्याला कसली खूण? तो काय हरवणार होता?” एवढं बोलल्या आणि मावशींचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. कारकुनाच्या टेबलाला धरून त्या हमसून हमसून रडल्या.

नियम सरळ होता. ठसा जुळत नाही तोवर ताबा नाही. दोघांनाही सरकारी जागेत नंबरानं पुरणार होते. मावशींनी काचेतून बघितलं. दोघांच्या अंगावर पिवळट, डागाळलेल्या चादरी होत्या.

“या चादरी कोण धुतं?” त्या एकदम कडाडल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी मावशी दारात हजर. हातात दोन पांढऱ्याशुभ्र चादरी, कडक इस्त्रीच्या. कारकुनानं कोपरे उलटून पाहिले. लाल दोऱ्याच्या दोन फुल्या आणि एक टिंब, दोन्हींवर तेच.

“मावशी, घाईत चूक झाली वाटतं. दोन्हींवर एकच खूण घातलीत. बदलतील ना!”

“बदलू देत,” मावशी म्हणाल्या. “दोघंही माझ्याच घरचे.”