गुरगुरणारी जाड तार

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या चाळीत गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. बदलापूरहून बायका यायच्या, उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधले शेठ दुकानं बंद करून यायचे. मेलेला माणूस गिटारमधून बोलतो म्हटल्यावर घरी कोण बसणार!

मेलेला माणूस म्हणजे भगवंत. पोटापाण्याला कारखान्यातली नोकरी, हौसेला ऑर्केस्ट्रा. चार जाड तारांची बेस गिटार वाजवायचा. ब्याण्णव साली काविळीनं गेला. त्याच्या जागेवर घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती आणि सोमवारपर्यंत नाव द्यायचं होतं. बायकोचं, कुंदाचं, की थोरल्या भावाचं, धर्मराजचं? धर्मराजनं सरळ आत्म्यांशी बोलणाऱ्या बुधाजीबुवांना गाठलं. बुवांनी गिटार ‘शुद्धीला’ म्हणून दोन दिवस नेली, आणि परत आली ती बोलतच आली.

कुंदाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तो गेल्यापासून दोन महिने ती चहा गाळत होती, भांडी घासत होती, कुणी विचारलं तर हो म्हणत होती. रडूसुद्धा येत नव्हतं. आत सगळं बधिर.

“शांती रखो!” त्या गुरुवारी बुवांनी स्टुलावरच्या गिटारीवर शाल पांघरली आणि शालीखाली हात घातला. “भगवंता, बेटा, हो असेल तर गोड बोल, ना असेल तर गुरगुर! आईची तब्येत सुधारेल?”

गिटारला जोडलेल्या स्पीकरमधून गोल, भरदार सूर आला. कुंदाच्या सासूबाई ठमाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

“कुंदानं नोकरीला जावं?”

खर्रर्र!

“बघा, आत्मा खवळला! धर्मराजच जाणार. वरून डायरेक्ट ऑर्डर आहे!”

कुंदानं तो आवाज ओळखला. कार्यक्रमाच्या आधी भगवंत तारांची उंची लावायचा, तेव्हा काडेपेटीतली काडी तारेखाली सरकवून बघायचं काम तिचं असायचं. तार फार खाली आली की मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना घासून अश्शीच खरखरायची, आणि तो वैतागून ती पुन्हा वर घ्यायचा.

ती पुढे झाली आणि शाल बाजूला केली.

“हात नको लावू, भस्म होशील!” बुवा ओरडले.

“होऊ दे,” ती म्हणाली. तिला खरंच फरक पडत नव्हता.

उदबत्तीजवळची काडी तिनं एकेका तारेखाली घातली. तीन तारांखालून आरपार गेली. सगळ्यात जाड तारेखाली अडकली. मग तिनं भगवंतची छोटी किल्ली आणली आणि तार जिच्यावर टेकते त्या घोडीचा स्क्रू फिरवला. तार वर आली. छेडली तर स्वच्छ सूर.

“पाहिलंत! सुनेच्या हातानं आत्मा शांत झाला!” बुवा लगेच पलटले.

कुंदानं स्क्रू उलटा फिरवला. खर्रर्र.

“आता काय झालं, पुन्हा रागावले?” मागून एक शेठ म्हणाला, आणि लोक हसले. बुवांना ‘ना’ पाहिजे असलं की जाड तार छेडायची, ‘हो’ पाहिजे असलं की दुसरी कुठलीही. जाड तार त्यांनी ‘शुद्धी’च्या दोन दिवसांतच खाली उतरवून ठेवली होती. शालीखाली एवढंच चाललं होतं.

“आई, तुम्ही फिरवून बघा,” कुंदानं किल्ली सासूच्या हातात दिली. ठमाबाईंनी तार वर घेतली, खाली घेतली, परत वर घेतली. बुवा आणि धर्मराज कधी सटकले ते कुणाला कळलं नाही.

“म्हणजे माझा भगवंता काहीच बोलला नाही?”

खोटं सांगणं सोपं होतं. “नाही, आई. ते गेले.” हे शब्द तोंडातून निघाले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा कुंदाच्या छातीत दुखलं. “गेलेल्या माणसाला कौल लावायचा नाही. आपल्याला डोळे आहेत, डोकं आहे. बघायचं, तपासायचं, आणि आपलं आपण ठरवायचं. कामाला मी जाणार.”

ठमाबाईंनी किल्ली तिच्या हातात परत ठेवली. मग म्हणाल्या, “कागद आण, पोरी. तुझं नाव लिही. मी अंगठा देते.”