मावशी गेली आणि चूक थांबली

हृदयतपासणी केंद्रातला आलेख काढायचा प्रोग्रॅम माझा. काउंटरवर नाव टाकून बटण दाबलं की त्या पेशंटच्या ठोक्यांचा आलेख छापून येतो. मध्यंतरी एकाच्या नावाखाली दुसऱ्याचे ठोके निघू लागले. डॉक्टरांच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. मी माझ्या खोलीत बसून शंभरदा बटण दाबलं, एकदाही चुकलं नाही. मग चूक कुणाची? काउंटरवरच्या दोघींपैकी एक माझी मावशी, उतारवयात कॉम्प्युटर शिकलेली. "मावशीचा गोंधळ होतो," मी डॉक्टरांना सांगून टाकलं. तिला घरी बसवलं आणि चूक थांबली. वर तोंड करून मी म्हणालो, "बघा!"

परवा तिच्या जागी नवी बाई आली. पहिल्याच गर्दीत चूक पुन्हा हजर.

या वेळी मी काउंटरवर जाऊन उभा राहिलो. दोघींना एकदम बटण दाबायला लावलं, तर एकाच कागदावर दोन पेशंटचे ठोके. आलेखासाठी मी पायथन या संगणकभाषेतली एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, वापरली होती. त्या लायब्ररीकडे चित्र काढायची चालू पाटी एकच. दोन कॉम्प्युटरवरून कामं एकदम आली की दोन्ही त्याच पाटीवर गिरवतात. तसं लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, पण वाचतो कोण! मी एकटाच दाबत होतो, म्हणून चुकत नव्हतं. मावशी गेल्यावर काउंटरवर दुसरी एकटीच उरली, म्हणून थांबलं. प्रत्येक कामाला वेगळी कोरी पाटी द्यायला चार ओळी पुरल्या. नाचता येईना म्हणून मी अंगण वाकडं ठरवलं, आणि अंगण कोण, तर सख्खी मावशी. लाजेनं कानशिलं तापली.

डॉक्टरांना खरं सांगून तिच्या घरी गेलो.

"बरं झालं आलास," मावशी दारातच म्हणाली. "इस्त्रीचं बटण बंद आहे ना, बघ रे जरा. सून म्हणते, माझं लक्ष नसतं. खरंच असेल. कामावरसुद्धा..."

"मावशी, तू चुकली नव्हतीस. माझा प्रोग्रॅम चुकत होता. डॉक्टर तुला परत बोलावतायत."

माझी मान वर होईना.

"म्हणजे मी वेंधळी नाही?"

"नाही गं."

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "आत चल. सून स्वयंपाकघरात आहे. तिच्यासमोर सांग. मोठ्यानं."